ओपल रेनफ्रोचा वर्ग आणि पिवळं पुस्तक

आमच्या बेलफर्डात शाळेचं पुस्तक निवडायची रीत कागदावर भली लांबलचक आहे. राज्याने मान्य केलेल्यातली पुस्तकं मागवायची, निवड समिती नेमायची, समितीत शिक्षक जास्त आणि गावातला एखादा बिगरशिक्षक घ्यायचा, महिनाभर पुस्तकं शाळा-कचेरीतल्या टेबलावर लोकांना चाळायला ठेवायची, शेवटी दोन उरली की वर्गात चालवून बघायची, मग मतदान आणि मग शाळा मंडळाची मोहोर. टेबलाकडे कुणी फिरकत नाही ते सोडा. खरी गोष्ट एवढीच की पुस्तक ओपल रेनफ्रोच्या वर्गात चाललं की पास, आणि नाही चाललं की परत खोक्यात. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. ओपलला तर नाहीच नाही.

ओपल पश्चिम शाळेत पहिलीची बाई; लग्न झालेलं असलं तरी धाकटी मंडळी तिला मानाने 'मिस ओपल'च म्हणतात. आवाज असा की फुटबॉलच्या मैदानावर भोंगा बंद पडला तर तिला बोलवावं. अर्धं गाव तिच्या हाताखालून गेलंय, आमचे शेरीफसुद्धा, आणि ते अजून तिला बघितलं की टोपी काढतात. ती गोष्ट वाचायला बसली की चष्म्यावरच्या भुवया वर जायच्या, गाल फुगायचे, अस्वल आलं की अस्वल व्हायची आणि ससा आला की ससा. पोरं टक लावून तिच्या तोंडाकडे बघत बसायची. बाई होतीच तशी, उगाच का खोटं बोलायचं!

त्या वर्षी पाळी आली पहिलीच्या वाचनाच्या पुस्तकाची. हे काम म्हणजे पोरखेळ नव्हे. एकदा घेतलं की सहा वर्षं तेच पुस्तक, गावातल्या पहिलीच्या प्रत्येक वर्गात. आणि पोरगं पहिलीत एकदाच बसतं. तेव्हा वाचायचं राहिलं की जन्मभर मागे पडतं, हे ओपलला कुणी सांगायची गरज नव्हती.

छाननी होऊन दोन पुस्तकं उरली, एक निळं आणि एक पिवळं. निळ्यात गोष्टीच गोष्टी, चित्रं बघत राहावीत अशी, आणि बाईला हवं तसं रंगवायला मोकळं रान. पिवळं दिसायला कोरडं ठक्क. आधी एक अक्षर, त्याचा आवाज, मग दुसरं, मग दोन्ही जोडा. आणि कहर म्हणजे बाईच्या प्रतीत बाईने काय बोलायचं ते ओळीओळीने छापलेलं.

"माझ्या तोंडी शब्द घालतंय हे!" ओपल समितीच्या पहिल्याच बैठकीत कडाडली. "तीस वर्षांत माझ्या नवऱ्याला जे जमलं नाही ते हे पुस्तक करणार होय?"

सगळे हसले. बैठक मंगळवारची होती, कारण बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे चर्च असतं आणि त्या वेळेला देव सोडून कुणी कुणाला वेळ देत नाही. अभ्यासक्रम बघणारे कर्टिस वोमॅक अध्यक्ष होते. भला माणूस, पण भांडणाची चाहूल लागली की कॉफी आणायला उठणारा. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "मग ओपल, दोन्ही तुझ्याच वर्गात चालवून बघायची ना?"

"नाहीतर काय," ओपल म्हणाली.

"कशाला?" कोपऱ्यातून आवाज आला. व्हर्जिल योकम. गुराढोरांच्या खाद्याचं दुकान चालवतो आणि समितीतला एकमेव बिगरशिक्षक तोच. तो आणि ओपल लहानपणी एका बाकावर बसायचे, तेव्हा त्याची जीभ तिच्यापुढेही चालते. "अगं ओपल, तुझ्या वर्गात टेलिफोनची डिरेक्टरी दिली तरी पोरं वाचायला लागतील. त्यात डिरेक्टरीची काय कमाल?"

"म्हणजे?"

"म्हणजे गेल्या खेपेचं गणिताचं पुस्तक आठव. तुझ्या वर्गात काय वाहवा! मग गावभर वाटलं, आणि बाकीच्या बाया रडकुंडीला आल्या. माझ्या नातवाला अजून वजाबाकी म्हटलं की पोटात दुखतं."

ओपलचा चेहरा लाल झाला. दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. ही कसली बसतेय! "ठीक आहे," ती टेबलावर हात आपटून म्हणाली. "दोन्ही पुस्तकं शेल्बी क्राऊजच्या वर्गात द्या. आधी निळं, मग पिवळं. माझ्या वर्गात निळं चालू राहू दे. तिच्याकडेसुद्धा निळंच वरचढ ठरेल, मग तुझं तोंड बंद होईल. घोडामैदान जवळच आहे."

समितीतच बसलेल्या शेल्बीच्या हातातला कॉफीचा चमचा खाली पडला. ती पूर्व शाळेत पहिलीची बाई, नोकरीचं पहिलंच वर्ष. आवाज एवढासा, आणि घाबरली की केसाची बट चावायची. तिला पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही ते वसंतात ठरणार होतं, आणि आता अख्खी समिती तिच्या वर्गात डोकावणार होती. बैठक सुटल्यावर ती ओपलच्या मागे धावली.

"मिस ओपल, माझ्या वर्गाचं नका ना करू. माझी पोरं अजून ए-बी-सीमध्येच अडकलीत. मी नापास झाले तर मला काढतील."

"अगं, नापास पुस्तक होईल, तू कशाला होशील? आणि निळं चालणारच आहे. माझ्यावर विश्वास ठेव."

तिने ठेवला. गावात सगळेच ठेवायचे.

निळं पुस्तक शेल्बीच्या वर्गात साफ आपटलं. ती गोष्ट वाचायची, पोरं खिडकीबाहेर बघायची. केन्झी टायगर नावाची एक मुलगी होती, आडनाव वाघाचं आणि तोंडातून शब्द फुटायचा नाही. पुस्तक समोर धरलं की डोळे मिटून घ्यायची. कर्टिस बघून गेले आणि मान हलवत कॉफी प्यायले. ओपलकडे बातमी आली तेव्हा ती म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं! पुस्तकात काही खोट नाही. त्या शेल्बीला गोष्ट सांगता येत नाही, त्याला पुस्तक काय करणार?" आणि स्वतःच्या वर्गाकडे बोट दाखवलं. तिथे पोरं निळं पुस्तक धडाधड वाचत होती.

मग शेल्बीकडे पिवळं सुरू झालं. काही आठवडे गेले आणि पूर्व शाळेतून कुजबुज यायला लागली की पोरं वाचतात. ओपलला खरं वाटेना. "पाठ केलं असेल," ती म्हणाली, आणि एका दुपारी आपल्या वर्गाला बदली बाई देऊन स्वतःच पूर्व शाळेत जाऊन मागच्या बुटक्या खुर्चीवर बसली. गुडघे हनुवटीला लागले, पण उठली नाही.

शेल्बी पुस्तकात बोट ठेवून छापलेलं वाक्य जसंच्या तसं वाचत होती. अभिनय नाही, भुवया नाहीत. ओपलला जांभई आली. तेवढ्यात शेल्बीने फळ्यावरच्या अक्षरांखाली बोट फिरवलं आणि वर्गाने एका दमात आवाज जोडून शब्द म्हटला. मग पुढचा. मग केन्झी टायगर उभी राहिली आणि तिने एक पूर्ण ओळ वाचली, सावकाश, अडखळत, पण डोळे उघडे ठेवून.

"जरा खडू दे," ओपल उठत म्हणाली. तिने कुठल्याच पुस्तकात नसलेला, अर्थच नसलेला एक शब्द फळ्यावर लिहिला. पाठ केलेलं असेल तर इथे पितळ उघडं पडणार होतं. "केन्झी, हे काय आहे गं?"

केन्झीने एकेक अक्षर जोडलं आणि शब्द बरोब्बर म्हटला. मग कपाळाला आठ्या घातल्या. "मिस ओपल, असा काही शब्दच नसतो!"

वर्ग खिदळला. ओपलही हसली. पण गाडीत बसल्यावर तिला एक शंका चावायला लागली, आणि शंका चावली की ती स्वस्थ बसणारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तोच शब्द आपल्या वर्गाच्या फळ्यावर लिहिला. तिची पोरं, गावातली सगळ्यात तयार पोरं! आधी एकानेही फळ्याकडे धड बघितलं नाही. सगळ्यांचे डोळे तिच्या तोंडाकडे. "अस्वल?" एक म्हणाला. "ससा? मिस ओपल, ससा ना?" दुसरीने तिच्या भुवया निरखल्या. "पाऊस?" मग दोन-चार पोरांनी फळ्याकडे वळून अक्षरं जोडून बघितली आणि त्यांना जमलं. बाकीची बाईच्या चेहऱ्यावर उत्तर शोधत राहिली, आणि चेहऱ्यावर उत्तर नव्हतं म्हणून बावरून गेली. एकाला तर रडू यायला लागलं.

ओपल खुर्चीत बसली. पोरं निळं पुस्तक वाचतच नव्हती. पोरं ओपलला वाचत होती. चित्र बघायची, तिच्या गालांकडे बघायची, आणि शब्द ओळखायची. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. पण रागावून बसायला वेळ कुठे होता? उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर होती. तिने निळं पुस्तक कपाटात टाकलं, कर्टिसकडून पिवळ्याची प्रत मागवली आणि त्याच दुपारपासून अक्षराच्या आवाजापासून सुरुवात केली.

मतदानाच्या मंगळवारी समिती पुन्हा बसली. पिवळ्या पुस्तकाच्या कंपनीच्या माणसाने पिकान-पाय, म्हणजे अक्रोडासारख्या मेव्याचा गोड केक, धाडला होता. व्हर्जिलने तो भेट म्हणून नियमात बसत नाही असं बजावलं आणि मग निम्मा खाल्ला. कर्टिसनी शेल्बीपासून सुरुवात केली. तुझ्या वर्गात दोन्ही चालवून बघितली, तुझं मत काय?

शेल्बी बट चावत होती. "मला वाटतं... निळं. मिस ओपलना निळं आवडलंय. माझ्याकडे नाही चाललं त्यात माझीच चूक असेल."

"गप गं," ओपल म्हणाली. "उगाच माझ्या पदरात तुझं मत टाकू नकोस. तुझ्या वर्गात निळं चाललं नाही, ते खरं आहे. माझ्या वर्गात चाललं, ते खोटं आहे. मी बघून आलेय. माझी पोरं फळ्याकडे बघतच नव्हती, माझ्या थोबाडाकडे बघत होती." तिने व्हर्जिलकडे वळून बोट रोखलं. "आणि तू दात काढू नकोस. डिरेक्टरीचं तू बरोबर बोललास, पण एकदाच म्हण. दुसऱ्यांदा म्हणालास तर तुझ्या दुकानात पाऊल टाकणार नाही."

"मी कुठे काय बोललो?" व्हर्जिल गोड घास चावत म्हणाला.

"माझं मत पिवळ्याला. मला ते पुस्तक अजिबात आवडत नाही. त्यातली वाक्यं वाचताना दात शिवशिवतात. पण गावातल्या प्रत्येक वर्गात ओपल नाही, आणि पुस्तक माझ्या करमणुकीसाठी घ्यायचं नाहीये."

सोनाराने कान टोचले की दुखत नाही म्हणतात. हात भराभर वर गेले, शेल्बीचाही गेला. पिवळं ठरलं. शाळा मंडळानेही पुढच्या बैठकीत मान डोलावली, आणि त्याच बैठकीत शेल्बी क्राऊजला पुढच्या वर्षासाठी ठेवलं.

मतदानाच्या त्या मंगळवारी बैठक सुटल्यावर कर्टिस मात्र ओपलला बाहेर गाठून हळूच म्हणाले, "तुला रिटायर व्हायला फार वर्षं राहिली नाहीत. तू वापर तुला हवं ते. कोण बघायला येतंय? सूट देऊन टाकतो."

"बिलकुल नको. मला सूट दिलीस की पुढच्या खेपेला पुस्तक परत माझ्याच वर्गात घेऊन येशील." मग तिने पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडत असलेल्या शेल्बीला हाक मारली. तो आवाज चर्चपर्यंत गेला असेल. "ए पोरी! उद्या येतेय तुझ्याकडे. ते पुस्तक कसं शिकवायचं ते मला धड येत नाही. शिकव मला."

शेल्बीला वाटलं बाई थट्टा करतायत. दुसऱ्या दिवशी ओपल खरंच आली आणि पुन्हा त्या बुटक्या खुर्चीवर बसली. शेल्बीने तिला दोनदा टोकलं, की मधे आपल्या मनाचं वाक्य घालायचं नाही. तिसऱ्यांदा टोकलं तेव्हा ओपलने तोंडावर हात ठेवला आणि पुढे चालू केलं.

ऑगस्टमध्ये शाळा उघडली. पश्चिम शाळेत नवी पोरं सतरंजीवर बसली, आयांनी सांगून पाठवलं होतं की मिस ओपल गोष्ट सांगताना अस्वल होते. ओपलने पिवळं मोठं पुस्तक उघडलं आणि थेट आपल्या तोंडापुढे धरलं, हनुवटीपासून चष्म्यापर्यंत. छापलेलं वाक्य तिने जसंच्या तसं वाचलं.

पुढच्या रांगेतला एक जण मान वाकडी करून बघायला लागला. "मिस ओपल, तुम्ही दिसतच नाही."

"माहीत आहे, राजा," पुस्तकामागून आवाज आला. "अक्षर दिसतंय ना? तेवढं बघ."