एकादशीचा गरुड

उकडलेल्या रताळ्यांचा वास आला की मला समुद्रावर झुकलेला तो उघड्या कातळाचा सडा आठवतो. मी परकरी पोर होते. आगबोटीने मुंबईहून आलेल्या काकांनी नवी दुर्बीण आणली होती, आणि होळीच्या आधीच्या एकादशीला संध्याकाळी ते काकूला नि मला समुद्रगरुडाचं घरटं दाखवायला घेऊन गेले. कातळ अजून कोमट होता, खालून खारा वारा येत होता. काकूने फराळाची रताळी वाढली, तर काका दबक्या आवाजात म्हणाले, “हलू नका, बोलू नका, गरुड बुजेल.” एवढ्यात गरुड पायात मासा धरून घरट्याकडे आला, दोन घारी त्याच्या अंगावर धावल्या, आणि त्याच्या पायातून सुटलेला मासा थेट काकांच्या मांडीवरच्या रताळ्यांत पडला. सगळ्यांना गप्प बसवणारे काकाच किंचाळले, “अगो, मासा! माझी एकादशी बाटली!” काकू हसू दाबत म्हणाली, “अहो, ओरडताय काय? गरुडावर बसून मत्स्यावतार आलाय. एकादशीला देवाने मांडीवर येऊन दर्शन दिलान, नमस्कार करा!” काकांनी खरोखरच त्या माशाला हात जोडले, आणि मग खाली उतरून धोतरासकट समुद्रात बुडी मारून आले. एवढी वर्षं झाली, पण उघड्यावर रताळं सोलायला घेतलं की मी अजून आधी वर बघते.