पुलाखालच्या बाई

घर या विषयावर आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंइतकं बोलणारं माणूस अख्ख्या उलव्यात सापडणार नाही. निवृत्त होईपर्यंत त्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायच्या; नंतर माणसं बेघर का होतात, हे शोधून काढायचं त्यांनी मनावर घेतलं. छप्पर गेल्यामुळे कुणी बेघर होत नाही, असं त्यांचं ठाम मत. आधी नात्यातली दारं एकेक करून बंद होतात, आणि मग माणूस रस्त्यावर येतो. हे पडताळायला त्या भेटेल त्याला विचारायच्या, "आज घर गेलं, तर कुणाकडे जाल?" हळदीकुंकवाला विचारायच्या, नळ दुरुस्त करणाऱ्याला तो सिंकखाली आडवा असताना विचारायच्या. सोसायटीच्या चेअरमननी ऐटीत मेव्हण्याचं नाव सांगितलं, तर त्यांच्या बायकोला हसू आवरेना. ते टेन्शन त्या घराला बरेच दिवस पुरलं. बाई दिसल्या की लोक लिफ्ट सोडून जिन्यानं जायला लागले.

सीवूड्सच्या पुलाखाली मात्र त्यांना मनसोक्त बोलणारा एक माणूस भेटला. तो जवळच्याच करावे गावचा. दारूपायी बायको सोडून गेली, भावानं घराबाहेर काढलं. पुढे दारू सुटली, पण लाज सुटली नाही. बहीण गावातच असून तो तिच्या दारात जात नव्हता. बाई रोज संध्याकाळी बस पकडून त्याच्याकडे जायच्या. सुरुवातीला नुसते प्रश्न असायचे. मग तो खाडीतल्या मासळीबद्दल सांगायला लागला आणि बाई स्वतःच्या गुडघ्यांबद्दल. अखेर एका रविवारी त्या त्याला बहिणीकडे घेऊन गेल्या. सोबतीला मलाही नेलं. तो दारात मान खाली घालून उभा राहिला. बहिणीनं त्याच्या दंडाची हाडं चाचपून पाहिली.

"किती वाललास," ती म्हणाली. "ये आत. जेवन तयार हाय."

परतताना बाई इतक्या खुशीत होत्या की आमचा स्टॉप मागे गेलेला दोघींनाही कळला नाही.

पुढच्याच आठवड्यात मी सीवूड्सला खरेदीला गेले, तर बाई त्याच पुलाखाली, कठड्यावर एकट्याच. "आणखी कुणी भेटलं वाटतं?" मी विचारलं.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "तो घरी गेला, फार छान झालं. पण मला या वेळेला कुणाशी तरी बोलायची सवय लागलीय."

डोक्यावरून गाड्या जात होत्या. त्यांनी शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि मला बसायला जागा केली.