जुन्या रिलीजचा माणूस

"पॅकेज झालं" असं मी म्हटलं की सर खुर्ची मागे सारून माझ्या टेबलाशी यायचे, हात पुढे करून माझी स्क्रीन बंद करायचे आणि म्हणायचे, "हां. आता चालव."

काळ्या स्क्रीनसमोर मी कीबोर्ड चाचपडत बसायची. स्पीकरमधून मराठी आवाज आला तर ठीक. नाही आला तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: "आवाज खंय?" माणूस जन्मापासून मुंबईतल्या नाहूरचा, पण चिडला की घरातली मालवणी बाहेर यायची, आणि तो बहुतेक वेळ चिडलेलाच असायचा.

मला ते आवडत नसत. हे आधीच सांगून टाकते. असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेल आणि त्याच्याबद्दल तुम्हीही कॅन्टीनमध्ये बोलला असाल. आम्ही पाठीमागे त्यांना 'स्पीडब्रेकर' म्हणायचो.

पवईत एका लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. ज्यांना दिसत नाही, त्यांना संगणकावरचा मजकूर मराठीत वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आम्ही लोकांपर्यंत पोचवायचो. ते कुणाच्या मालकीचं नव्हतं. जगभरातली माणसं मिळून ते लिहायची आणि कुणीही ते उघडून बघावं, वापरावं. आमचं काम ते लिनक्सवर, म्हणजे विंडोजसारख्याच पण फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर, नीट बसवण्याचं. लिनक्सची दर थोड्या काळाने नवी आवृत्ती येते, तिला रिलीज म्हणतात, आणि प्रत्येक रिलीजसाठी पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअर बसवायचं तयार गाठोडं, वेगळं बांधावं लागतं. कापड एकच, पण चार बहिणींना चार मापांचे ब्लाउज शिवायचे, तसा प्रकार.

सरांचा जीव सगळ्यात जुन्या रिलीजवर. नव्यासाठी काम करायला कुणीही तयार असतं, तिथे मजा असते. जुन्यासाठी बांधायचं म्हणजे नव्यातल्या सोयी काढून, मोडतोड करून, ठिगळं लावून बसायचं. ते हे काम दिवसचे दिवस करायचे, आणि आमच्याकडूनही करून घ्यायचे. माझ्या वाढदिवसाला सगळ्यांनी केक खाल्ला, सरांनीही खाल्ला. बोटं पुसत म्हणाले, "केक चांगलाय. तुझं पॅकेज परत पाठवलंय."

मी एकदा विचारलं होतं, "सर, तुमच्या घरी कुणाला दिसत नाही का?" मला वाटलं होतं, काहीतरी कारण असेल, ते कळलं की मला त्यांचा राग येणार नाही.

"कित्याक? घरात कोण असलं तरच काम नीट करायचं?"

राग होता तिथेच राहिला.

पहिल्याच वर्षी मी चूक केली. पॅकेज बांधायचं ते त्या त्या रिलीजच्या कोऱ्या मशीनवर, म्हणजे ज्यावर दुसरं काहीच टाकलेलं नाही अशा, हा आमचा नियम. मला घाई होती. मी जुन्या रिलीजचं पॅकेज माझ्याच नव्या लॅपटॉपवर बांधलं आणि सर सुट्टीवर असताना पाठवून दिलं. लोकांच्या जुन्या संगणकांवर ते गेलं, आधीचा आवाज काढून टाकला आणि स्वतः काही सुरू झालं नाही, कारण त्याला लागणारी एक गोष्ट फक्त माझ्या लॅपटॉपवर होती.

सर परत आले त्या दिवशी घाटकोपरहून एका बाईंचा फोन आला. त्या दृष्टिहीन, घरून टायपिंगचं काम करायच्या. सरांनी फोन स्पीकरवर टाकला.

"काल अपडेट केलं ना, तेव्हापासून गप्पच आहे हो. मी बटणं दाबतेय. चालू आहे की बंद, तेच कळत नाही."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "सांग त्यांना. तू केलंस ना?"

सांगितलं. मग रिक्षात घालून ते मला घाटकोपरला बाईंच्या घरी घेऊन गेले. तिथे स्वतः एका स्टुलावर हाताची घडी घालून बसले, कीबोर्डला बोटसुद्धा लावलं नाही. मी दोन तास खपत होते. बाईंच्या आईने चहा आणला तर म्हणाले, "आधी तिचं होऊ दे."

बाई बिचाऱ्या म्हणाल्या, "जाऊ दे हो, माणूस चुकतो."

"चुकली नाही ती. आळस केला."

परक्या घरात, परक्या माणसांसमोर. मला रडू येत होतं आणि त्या माणसाचा मनापासून तिरस्कार वाटत होता. आवाज सुरू झाला तेव्हा बाई खुर्चीतच मागे रेलल्या. सर उठले, चपला घातल्या आणि माझ्यासाठी न थांबता जिना उतरले.

त्यानंतर आम्ही कामापुरतं बोलत राहिलो. वर्षं गेली, मी वरच्या जागेवर आले. मग एका मीटिंगमध्ये प्रश्न निघाला की सगळ्यात जुन्या रिलीजसाठी पॅकेज बांधणं आता थांबवायचं का. माणसं कमी, काम जास्त. ज्या कंपनीने ते रिलीज काढलं तिनेही त्याच्यावरून हात काढून घेतला होता.

"ज्यांना जुनाच कॉम्प्युटर मिळतो, त्यांनी काय करायचं?" ते म्हणाले. "नवं रिलीज त्या मशीनवर उघडतपण नाय."

"सर, सगळ्यांसाठी सगळं नाही ना करता येत," मी म्हणाले. आणि हात वर केला, थांबवण्याच्या बाजूने. मनात थोडं घाटकोपरही होतं, खोटं कशाला बोलू.

त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. नोटिशीच्या महिन्यात फक्त जुन्या रिलीजसाठी एक शेवटचं पॅकेज बांधलं. निरोपसमारंभ नको म्हणाले. शेवटच्या दिवशी डबा उचलला आणि गेले, माझ्याकडे बघितलंही नाही. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात गोराईहून एका गृहस्थांचा फोन आला. "मॅडम, नवीन पॅकेज टाकलं. बोलतंय, पण मोठे आकडे आले की अडकतंय."

"आम्ही ते रिलीज आता बघत नाही," मी म्हणाले. "माझा नंबर कुणी दिला?"

"कॉम्प्युटरनेच सांगितला."

पॅकेजबरोबर बदलांची एक टीप जाते, ती बसवताना वाचून दाखवली जाते. मी ती उघडली. तिथे सरांनी लिहिलं होतं: यापुढे या रिलीजवर अडचण आली तर यांच्याशी बोला. खाली माझं पूर्ण नाव आणि माझ्या टेबलावरच्या फोनचा नंबर.

मी तिथल्या तिथे त्यांना फोन लावला. "हे काय केलंत सर? मला न विचारता? काढा माझं नाव!"

"मी आता तिथं नाय. तू काढ."

"कसं काढू? ते लोकांच्या मशीनवर गेलंय."

"नवं पॅकेज बांध. जुन्या रिलीजचं. कोऱ्या मशीनवर." आणि फोन ठेवला.

मी संतापाने रिसिव्हर आदळला. मग जुनं मशीन कपाटातून काढलं. चार दिवस लागले. गोराईच्या गृहस्थांचं मशीन मोठे आकडे नीट बोलू लागलं, हे आधी त्यांच्याकडून ऐकून घेतलं आणि मगच पॅकेज पाठवलं. त्यानंतर मुलुंडच्या एका मुलीचा फोन आला, मग आणखी कुणाचा. त्या रिलीजची माझी आतापर्यंत तीन पॅकेजं झाली आहेत, ऑफिसात कुणाला न सांगता.

सर परत कधी भेटले नाहीत. मला त्यांचा राग अजून येतो आणि त्यांनी माझं काम एकदा तपासायला हवं होतं असंही वाटतं, दोन्ही एकदमच. टीप दर वेळी उघडते. नावाची ती ओळ काढायला घेते, आणि टेबलावरचा फोन वाजतो.