कनेरगाव नाक्यापर्यंतचं गाणं

थावरूमामा राठोड अल्बम मिनिटांत मोजत नसत, गावांत मोजत. "मास्तर, तुमी दिलेला तो नवा अल्बम लई तोकडा हाय," असं ते सकाळी सकाळी फोन करून सांगत. "कनेरगाव नाका यायच्या आत खलास. पुढं वाशिमपर्यंत मी काय हॉर्न ऐकू?" हिंगोलीहून निघालं की पाऊण तासाचा अल्बम त्यांच्या लेखी वाशिमचा, तासाभराचा डोंगरकड्याचा. एका परदेशी बँडचा दोन भागांचा अल्बम त्यांनी आठवडाभर ऐकला आणि शेवटी निकाल दिला, "हे बेणं नांदेडला जाऊन वापस येतं, तरी संपत न्हाई."

मामा जाऊन या संक्रांतीला वर्ष झालं. त्यांच्याबद्दल लिहायचं तर आधी माझी भानगड सांगावी लागेल. मी कनेरगाव नाक्याच्या शाळेत शिकवतो, राहतो हिंगोलीत, आणि उरलेल्या वेळात एका मराठी संकेतस्थळावर नव्या इंडी आणि पोस्ट-रॉक अल्बमांवर लिहितो. वाचक वीस-पंचवीस असतील, त्यातले दोन माझे मेहुणे. हे काम हिंगोलीत कुणाला समजावून सांगायची सोय नाही. इंडी म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय आपली गाणी आपणच काढणारे लोक, आणि पोस्ट-रॉक म्हणजे गिटारी आणि ड्रम यांचं लांबलचक संगीत, बहुतेक वेळा शब्दांशिवायचं. हळू सुरू होतं, चढत चढत जातं आणि एकदाचं फुटतं. आमच्या मुख्याध्यापकांना एकदा मी एवढं सांगून पाहिलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "शब्द नाहीत, तर मग गाणं कुठंय?" त्यानंतर मी गप्प बसायला शिकलो.

अशात एके दिवशी माझी एसटी चुकली. वाशिम रस्त्यावर हात केला तर हळदीच्या पोत्यांनी लादलेली एक पिकअप थांबली. चालवणारा साठीचा, डोक्याला फेटा, कानात बाळी, शेजारच्या तांड्यावरचा माणूस. मी आत बसलो आणि कान टवकारले. गाडीच्या टेपवर पुण्याच्या एका बँडचं बावीस मिनिटांचं गाणं चालू होतं. ते गाणं सबंध मराठवाड्यात मी एकट्यानेच ऐकलंय, असा मला तोवर गर्व होता. मी विचारलं, "मामा, हे कुठलं गाणं?"

"नाक्याचं," मामा म्हणाले.

मला काहीच कळलं नाही. पण गाणं चढत चढत गेलं, कनेरगावच्या अलीकडच्या गतिरोधकाशी एकदम थांबलं, गाडीने हळूच उडी घेतली आणि नेमका नाका दिसायला लागला तसं ते फुटलं. मामांनी स्टिअरिंगवर एक थाप मारली. "म्हणलं ना, नाक्याचं," ते म्हणाले. "हिंगोलीच्या पेट्रोल पंपावर लावायचं. बराबर हितंच येतं." नाक्यावरच्या ढाब्यापाशी उतरलो आणि पिकअप दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा राहिलो. तेच गाणं मी घरी भारीतले हेडफोन लावून निदान तीस वेळा ऐकलं होतं, आणि आज पहिल्यांदा ऐकलं असं वाटलं.

हे संगीत त्यांच्याकडे आलं कसं, तर बदलीतून. सरकारी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंचं सामान मामांनी नांदेडला पोचवलं. वाटेत बाईंनी टेपला आपला पेन ड्राइव्ह लावला आणि उतरताना विसरल्या. मामांनी फोन केला तर म्हणाल्या, "राहू द्या मामा, ऐका तुम्ही." मामांनी ऐकलं. आधी महिनाभर त्यांना वाटलं टेप बिघडलाय. मग एकदा सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकडून रिकामी गाडी घेऊन येताना, त्यांच्या शब्दांत, "एकदम आत शिरलं." इंग्रजी त्यांना वाचता येत नसे, त्यामुळे बँडची नावं गेली उडत. गाण्यांना त्यांनी आपली नावं दिली. एक धरणाचं, एक चढाचं, एक डोंगरकड्याचं, आणि सगळ्यांत लाडकं ते नाक्याचं.

शब्द नसल्याची त्यांना अजिबात तकलीफ नव्हती. उलट म्हणत, "शब्द आले की गाणारा कुणाच्या बाजूचा हाय ते बघावं लागतं. हे बरं हाय. हे कुणाच्याच बाजूचं न्हाई." मी त्यांना दर महिन्याला नवे अल्बम भरून द्यायला लागलो आणि ते मला अभिप्राय. एका गाजलेल्या अल्बमबद्दल मी भारावून बोललो, तर म्हणाले, "गाडी न्यूट्रलमदी ठेवून रेस करून राहिले नुसते. धूर लई, जागा सोडंना." दुसऱ्या एका शांत, कुणी दखल न घेतलेल्या अल्बमबद्दल म्हणाले, "याला चढण कळती." ते वाक्य मी जसंच्या तसं माझ्या लेखात घातलं. वाचकांनी डोक्यावर घेतलं. एकाने तर लिहिलं की समीक्षेला नवी परिभाषा मिळाली. मी मामांना कबूल केलं तर म्हणाले, "असू द्या. तुमाला पगार कमी, लेख तरी भारी होऊ द्या."

इंडी गायकांशी मात्र त्यांचं जमलं नाही. नांदेडच्या एका कॉलेजात गिटार घेऊन गाणारा एक तरुण आला होता, तिथं मी मामांना घेऊन गेलो. पोराने डोळे मिटून विरहाची नऊ गाणी म्हटली. मामा अदबीने शेवटपर्यंत बसले. बाहेर आल्यावर म्हणाले, "पोरगं गुणी हाय. पण ती न्हाई म्हणली एवढंच सांगायचं होतं, तर नऊ गाणे काहून?"

मग काचबिंदू निघाला. मामांना दोन्ही बाजूंचं दिसणं कमी होत चाललं होतं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की गेलेलं परत येत नसतं, आता गाडी सोडा. मला वाटलं हा माणूस खचणार. गाडी म्हणजे त्यांचा जीव. पण मामांना घोर वेगळाच होता. "गाडीचं काय, पोरगं चालवील," ते म्हणाले. "म्या घरी बाजंवर बसून नाक्याचं लावून पाह्यलं. नुसता आवाज येतो, मास्तर. गाणं येतच न्हाई. मला एवढंच सांगा, हे गाण्यात होतं का रस्त्यात होतं? रस्त्यात असंल तर माझं गाडीसंगं हे बी गेलं."

मास्तर माणूस उत्तर नसताना जास्तच जोरात बोलतो. मी म्हटलं, गाण्यातच आहे, मी सिद्ध करून देतो. नाक्याचं गाणं करणारा तो बँड पुण्यात वाजवणार होता. मामांना खुर्चीवर बसवून, समोर माणसं वाजवताना ऐकवायचं, की झालं. मामा तयार झाले. निघताना त्यांच्या पिशवीत नारळ, टॉवेल आणि पांढरी टोपी दिसली. मी विचारलं तर म्हणाले, "रिकाम्या हातानं कसं जायचं? एवढे दिवस फुकट ऐकलं त्यांचं."

कार्यक्रम संध्याकाळी एका लहानशा सभागृहात होता. शे-सव्वाशे पोरंपोरी उभी, मंच वीतभर उंच. मी मामांसाठी पुढे भिंतीला लागून खुर्ची मिळवली. तिघं गिटारवाले आणि मागे ड्रमवर एक किडकिडीत मुलगी. मामांनी ताबडतोब तिच्याकडे बोट केलं. "कष्ट तर समदे तीच करून राहिली." पहिली चार गाणी ते मान खाली घालून ऐकत होते. मी सारखा चोरून त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, जणू निकाल माझाच लागणार होता. मग नाक्याचं सुरू झालं. मामांनी डोळे मिटले. गाणं चढलं, आणखी चढलं, आणि गतिरोधकाच्या जागी येऊन थांबलं.

पेन ड्राइव्हवर ही शांतता गाडीने एक उडी घ्यावी एवढीच आहे. मंचावर त्यांनी ती ताणली. एक तार बारीक घुमत राहिली, मुलीने काठ्या हवेत धरल्या, सगळं सभागृह श्वास रोखून उभं. जाणकार असल्यामुळे मीही श्वास रोखला होता. नेमका तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मामांनी वाट पाहिली, गाणं संपलं असं धरलं, आणि एवढं वाजवून कुणी साधी टाळीसुद्धा वाजवत नाही हे त्यांना सहन झालं नाही. ते मंचावर चढले. मी "मामा" म्हणेपर्यंत ते ड्रमपाशी पोचले होते. त्यांनी मुलीच्या गळ्यात टॉवेल घातला, डोक्यावर टोपी ठेवली, नारळ कुठे ठेवावा कळेना म्हणून मोठ्या ड्रमवर ठेवला, आणि त्या जीवघेण्या शांततेत स्वच्छ आवाजात म्हणाले, "लई वाजवलं माय. थकली असशील. पाणी पी जरा."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. काठ्या अजून हवेतच होत्या. मग टोपी डोक्यावर तशीच ठेवून तिने त्या खाली आणल्या आणि गाणं असं फुटलं की नारळ उडून गिटारवाल्याच्या पायाशी गेला. मामा तिथेच मंचावर उभे राहिले, दोन्ही हात जोडून, शेवटपर्यंत. पोरंपोरी वेड्यासारखी ओरडत होती. कार्यक्रमानंतर बँडने मामांना घेरलं, मुलीने टोपी काढायला नकार दिला. मला वाटलं, चला, शोभा झाली पण गोड झाली.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये मामा जालन्यापर्यंत खिडकीबाहेरचा रस्ता बघत होते. मग म्हणाले, "गाडी उभी होती ना, मास्तर. मला कळलंच न्हाई कुठं पोचलो ते. चार वर्सं रोज ऐकलेलं गाणं, आन अर्ध्यात उठून सत्कार केला. रस्ता असता तर नसतं झालं." मी काहीबाही समजूत घालायला गेलो. त्यांनी हाताने थांबवलं. "तुमी शहाणे हाव, पण हे रस्त्यातच होतं. जाऊ द्या. लई दिवस मिळालं." घरी पोचल्यावर त्यांनी गाडी पोराला दिली आणि पेन ड्राइव्ह मला. मी तो घेतला, याची मला अजून लाज वाटते. परत द्यायचं धैर्य झालं नाही आणि पुढे पाच महिने तांड्यावर जायचंही झालं नाही.

मग त्या बँडचा नवा अल्बम आला. पुण्याच्या त्या कार्यक्रमाचंच ध्वनिमुद्रण. मी नेहमीप्रमाणे परीक्षण लिहायला बसलो, नाक्याचं लावलं, शांतता आली, आणि खुर्ची सरकली. एकूण एक सगळं होतं त्यात. मामांच्या चपला, नारळ ठेवल्याचा ठक्क आवाज, आणि "पाणी पी जरा." बँडने काहीही कापलं नव्हतं. इंटरनेटवर तोवर चर्चा रंगली होती. एकाने लिहिलं होतं की हा आवाज म्हणजे पाणीटंचाईवरचं जळजळीत भाष्य आहे. दुसऱ्याच्या मते ती बँडमधल्या कुणाच्यातरी दिवंगत आजोबांची जुनी टेप होती. तिसऱ्याने 'माय' म्हणजे पृथ्वी असं सिद्ध करून चार परिच्छेद लिहिले होते. मी परीक्षण अर्धवट सोडलं आणि तांड्यावर गेलो.

मामा अंगणात बाजेवर बसले होते. मला बघून एवढंच म्हणाले, "लई दिवसांनी." मी चर्चा वाचून दाखवली, तेव्हा हसून हसून त्यांना ठसका लागला. "अरे, पोरगी घामाघूम झालती, म्हणून म्हणलो मी," ते म्हणाले. पण ऐकायचं म्हटल्यावर त्यांनी तोंड वळवलं. "नका लावू. बसून येत न्हाई ते." मामी भांडी घासता घासता म्हणाल्या, "पुण्याला जाऊन काय उजेड पाडला ते मला तरी ऐकू द्या." मामींसाठी म्हणून मी ते मोबाइलवर लावलं.

मामा जमिनीकडे बघत बसले. गाणं चढत गेलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. शांतता आली. खुर्ची सरकली. मामांनी मान वर केली. त्यांचाच आवाज त्यांच्या अंगणात आला, आणि मामी म्हणाल्या, "हे तर तुमीच हाव. तिथं बी पाणीच पाजून राहिले का लोकाला?" तेवढ्यात ते फुटलं. मामांनी बाजेच्या लाकडावर थाप मारली, बरोबर त्या क्षणाला, जरासुद्धा न चुकता.

संपल्यावर त्यांनी पाठ सरळ केली. मग म्हणाले, "आता कळतं कुठं पोचलो ते. मी हाय की तिथं उभा." आणि बाजेवर सरकून मला बसायला जागा केली. "परत लावा, मास्तर."

त्या दुपारी ते गाणं त्यांनी चार वेळा ऐकलं, जागचे न हलता.