इटलीतलं कुत्रं

नाना हवालदार कुत्र्याला कधी ‘हाड’ म्हणत नसत. गावातल्या हॉटेलाच्या बाकावर बसलेले असताना एखादं खरजुलं कुत्रं पायाशी आलं, की ते सरकून घेत आणि म्हणत, “या पाव्हणं, कुठल्या गावचं?” मग आम्ही ओळखायचो, आज गोष्ट आहे, आणि दुसरा चहा सांगायचो.

बहात्तर साली मी फलटणजवळच्या या गावात शिक्षक म्हणून आलो, तेव्हा नाना पेन्शनीत निघून उसाला पाणी पाजत होते. तरुणपणी मोठ्या लढाईत ते कैरो, इटली हिंडून आलेले. पण त्यांच्या बोलण्यात ना राजवाडे, ना मडमा. असायची ती तिथली भटकी कुत्री. कैरोचं एक कुत्रं म्हणे साहेबाचा बूट वासावर ओळखून उभं राहायचं आणि शिपायाला नुसती शेपटी हलवायचं. इटलीतलं एक तिथल्या देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा झाली, की पोरांना हाकलून आत न्यायचं. “नाना, परवा ते काळं व्हतं, आज तांबडं कसं?” असं कुणी हटकलं, तर नाना शांतपणे सांगत, “परवा अंधार व्हता, गड्या.”

एकदा मी विचारलं, एवढ्या गोष्टी सुचतात कशा? ते म्हणाले, “परमुलखात माणसाची बोली कळत न्हाई, मास्तर. कुत्र्याची कळतीय. फलटणचं आन् इटलीचं भुंकणं एकच. मग त्येला नाव द्यायचं, गाव द्यायचं, बायकापोरं द्यायची. लय करमायचं बघा.”

गावात बायाक्का म्हणून एक म्हातारी होती. तिचा एकुलता मुलगा दगडू नानांच्याच तुकडीत होता आणि इटलीतच पडला. दर पितृपक्षात ती त्याचा म्हाळ घालायची आणि नानांना जेवायला बोलवायची. “नाना, शेवटाला कोण व्हतं रं त्याच्याजवळ?” ती दरवर्षी विचारी. नाना दरवर्षी सांगत, “जागच्या जागी गेला, आक्का. कळलंसुदीक न्हाई त्येला.”

त्या वर्षी मीही पंगतीला होतो. कौलावर पान ठेवलं, पण कावळा काही शिवेना. ऊन डोक्यावर आलं. बायाक्काच्या पुतण्यानं कौलाकडं बघून दगडूला वचनं द्यायला सुरुवात केली: तुझ्या आईला सांभाळतो, तुझ्या वाट्याचं रान विकत नाही, देवीला नारळ वाढवतो. कावळा लांब लिंबावर बसून राहिला. शेवटी बायाक्का मट्‌कन खाली बसली. “एकटाच गेला माझा ल्योक. त्येच सलतंय त्येला. कसा शिवंल?” आणि ती रडू लागली. इतक्या वर्षांत तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं, असं पुतण्या मला नंतर म्हणाला.

नानांनी हातातली तंबाखू टाकून दिली. “आक्का, एकटा न्हवता. जागच्या जागीबी न्हाई गेला. द्राक्षाच्या रानात पडला व्हता, वरनं गोळ्या. तवा एक भटकं कुत्रं सरपटत गेलं आन् त्येच्या छातीला लागून बसलं. दगडू त्येला मोत्या मोत्या म्हणून बोलत व्हता. जीव जाईस्तवर हाललं न्हाई ते.”

“मग आदी का न्हाई सांगितलंस?”

“मरत्या माणसाला कुत्रं शिवलं, हे आईला कसं सांगायचं?”

बायाक्का उठली. पुतण्याला पान खाली काढायला लावलं आणि ते घेऊन दारात गेली. बोळात एक लंगडं कुत्रं होतं, त्याच्यापुढं तिनं पान ठेवलं. पुतण्या घाबरला. “चुलती, आदी कावळा शिवाया पायजे!”

“कावळ्याला काय ठावं? ह्यो व्हता त्येच्याजवळ.” कुत्रं खीर चाटेपर्यंत ती त्याच्याशेजारी उभी होती. मग डोळे पुसून म्हणाली, “वाढा रं, पावणं उपाशी हायती.” त्या दिवशी ती आमच्याबरोबर पोटभर जेवली.

परतताना मला राहवेना. आमच्या भागात दर दुसऱ्या कुत्र्याचं नाव मोत्या! म्हणालो, “नाना, फार छान रचलीत.”

नाना बांधावर थांबले.

“बाकीची समदी रचली, मास्तर. ही न्हाई. आमी भिंतीमागं व्हतो, दगडूची हाक ऐकू येत व्हती. कुत्रं गेलं. मी न्हाई गेलो.”