पडेगावातलं माहेर

पिशोरच्या मायबहिणींनो, पोटुशी असताना माहेर सोडून का गेलीस, असं तुम्ही अजून विचारता. तर ऐका.

त्या दुष्काळात आमच्या मेंढ्या विकाव्या लागल्या, तरी आईनं माझ्या पहिल्या बाळंतपणासाठी नवी बाज विणली, शेकायला गोवऱ्या रचल्या. आणि आठव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. पोटातल्या बाळाच्या हृदयाच्या दोन मोठ्या नसा उलट्या जोडलेल्या होत्या. जन्मल्याबरोबर उपचार आणि थोड्याच दिवसांत ऑपरेशन. बाळंतपण शहरातच करा, म्हणाल्या.

जीप दारात आली तेव्हा आई उंबऱ्यात बसून राहिली. "पहिलटकरणीला माहेरातून उठवून नेता व्हय? लोक तोंडात शेण घालतील माझ्या." निरोप द्यायला उठलीसुद्धा नाही. लई राग आला मला. शहराच्या कडेला, इथं पडेगावात नवऱ्याची खोली होती, तिथपर्यंत रडत आले.

पोरगी जन्मली, रडली आणि लगेच काचेच्या पेटीत गेली. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या दारात गलका झाला, बघते तर आई! एसटीच्या टपावर टाकून बाज आणलेली, काखेत गोवऱ्यांचं पोतं. वॉचमन म्हणतोय, "अम्मा, ये अंदर नहीं जाता." आई खेकसतेय, "मग बाळंतिणीला शेकू कशानं, तुझ्या शिट्टीनं?" हसावं का रडावं कळेना.

दिवसभर ती बाहेर लिंबाखाली त्याच बाजेवर बसली, पाण्याचा घोट घेतला नाही. "एकदा हिला माझ्या हातानं न्हाऊ घालू दे रे देवा," एवढंच चाललेलं. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, पोरगी वाचली. मग आई रडली.

खोलीवर आलो, जखम भरल्यावर अंघोळीची परवानगी मिळाली, पण पाण्याच्या टँकरचा पत्ता नव्हता. शेजारच्या शबाना आपानं आपला भरला हंडा आणून ठेवला. आईनं नातीला पायांवर घेतलं. छातीवरच्या व्रणापाशी हात थांबला. "शिवण लई नीट घातली गं," म्हणाली.

आता इथं इमारतीच इमारती झाल्यात. आई राहिली नाही. लेक शाळेत खो-खो खेळते आणि गच्चीवर त्या बाजेवर लोळत अभ्यास करते. मला पिशोर आठवलं की मीही तिथंच जाऊन पडते.

आई गावी परत निघाली तेव्हा मी म्हटलं होतं, बाज घेऊन जा की, एवढी कष्टानं विणलीस. तिनं पिशवी खांद्याला लावली.

"नाय. बाळंतिणीची बाज माहेरात ऱ्हाती," म्हणाली, आणि ती इथंच ठेवून गेली.