कालची आधी

बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या सालापासून शकुन राजापेठेत भाजीची हातगाडी लावायची. तिची सून रूपाली गाडीमागं बसून मोबाइलवर गेम खेळे. आपले सहा प्राणी घेऊन गेममधल्या शेवटच्या उस्तादाशी लढायचं होतं. त्याच्या ड्रॅगननं रूपालीला चौथ्यांदा हरवलं, तशी शकुन उखडली.

“दांडगं कासव पयलेच काहून पाठवते? कालची भाजी आधी खपवा लागते, ताजी झाकून ठेवा लागते. तो ड्रॅगन आग कितीदा ओकते?”

“पाचदाच.”

“मंग मरतुकडे पाच आधी पाठव!”

एकेक पुढं गेला अन् जळाला. गिऱ्हाईक भाव विचारत होतं, पण दोघींनी मान वर केली नाही. पाचवा होता ससा, रूपालीनं सगळ्यात आधी पकडलेला. त्याला पाठवायला तिचं बोट धजेना. शकुननंच बटण दाबलं. ससा जळाला, आग संपली, अन् कासवानं ड्रॅगनला लोळवलं.

“जिंकली ना? मंग तोंड पाडून काहून बसली?”

रूपाली पडद्यावरच्या जळालेल्या सशावरून बोट फिरवत राहिली.

दुपारी शकुननं भाकरीचं फडकं सोडलं. ताजी भाकर आपल्यापुढं ठेवली, अन् कालची सुनेपुढं सरकवताना तिचा हात मधेच थबकला. तिनं ती परत ओढली, रागानंच लचका तोडला अन् ताजी पुढं ढकलली.

“पाहून काय राहिली? जेव!”